पडद्यावरील ख्रिस्त आणि फाळके

भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत ख्रिस्तचरित्राचाही वाटा आहे, याचे स्मरण आम्हांला क्वचितच असते. १९११ च्या सुमारास मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘द लाइफ ऑफ क्राइस्ट’ हा परदेशी मूकपट पाहिला. पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन तो पुन्हा पाहिला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या कलावंताच्या डोळ्यांपुढून येशूचे जीवन सरकत होते आणि मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या साकार होत होती. १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनीच तसे नमूद केले.

पुढचा मार्ग खडतर होता. विमा पॉलिसी गहाण ठेवून फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र पाहून, कॅमेरा विकत घेऊन परतले. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, फिल्मला हाताने भोके पाडली, साऱ्या मंडळींना रांधून घातले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

परक्यांच्या श्रद्धाकथेपुढे माणूस आपलेपण हरवून बसतो, अशी भीती आजही बोलून दाखविली जाते. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. दुसऱ्याची श्रद्धा न्याहाळताना फाळक्यांना स्वतःची श्रद्धा अधिक स्पष्ट दिसली. त्या काळोखात एकाने दुसऱ्याचा देव आदराने पाहिला, म्हणून या देशाला आपले देव पडद्यावर पाहता आले, असे आम्हांला वाटते.