पाथरीचें वतन आणि पेडगांवचा मुलूख

पेडगांव म्हटलें कीं इतिहासाच्या वाचकाला भीमेकांठचें, श्रीगोंद्याजवळचें, बहादूरगडाचें पेडगांव आठवतें. वेड पांघरून पेडगांवला जाण्याची म्हणही त्याच गांवाशीं जोडली जाते. प्रस्तुतचें पेडगांव तें नव्हे. परभणीहून मनमाडकडे निघालें असतां मानवत रोडच्या अलीकडे जें लहानसें स्थानक लागतें, तें हें. याच्या नांवावर ना एखादी लढाई, ना एखादा तह. परंतु ज्या मुलखांत तें वसलें आहे त्याच्या वसाहतीची हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्याजोगी आहे.

दक्षिणेस गोदावरी, उत्तरेस दुधना व पूर्णा, आणि मधला सारा प्रदेश काळ्या मातीचा. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हा वाक्प्रचार या मातीच्या भरंवशावरच निघाला असला पाहिजे. अन्यत्र कांहीं जमलें नाहीं तरी येथें पोट भरेल, असा त्याचा सरळ अर्थ. सातवाहनांचें पैठण याच गोदावरीच्या वरच्या अंगास. जिंतुराजवळच्या नेमगिरीचीं जैन लेणीं, चारठाण्याचीं जुनीं देवळें आणि औंढ्याचा नागनाथ पाहिला म्हणजे यादवकाळापर्यंत हा मुलूख चांगला नांदता होता हें उघड दिसतें. संत जनाबाईचें गंगाखेडही येथलेंच.

गांव वसे तो दोन मातींच्या आधारानें. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे राहाण्याची. भिंती पांढऱ्या मातीच्या, वर माळवद. घर पडे, त्याच्याच मातीवर दुसरें उभें राही. अशा शेंकडों वर्षांच्या पडझडीनें गांवठाणाची टेकडी होई आणि तिच्या माथ्यावर पाटलाची गढी बसे. वस्ती वाढली कीं गांव फुटे; थोरला तो बुद्रुक, धाकटा तो खुर्द. हे शब्द फारसी, पण त्यांमागील वांटणी येथील भाऊबंदांची. पाटील, कुळकर्णी, सुतार, लोहार, कुंभार, प्रत्येकाचें वतन ठरलेलें. शिवेच्या तंट्यांत ज्याच्या साक्षीला मोठा मान तो महार. त्याची वस्ती मात्र पांढरीच्या बाहेर. शीव ज्यानें राखावी त्यालाच शिवेच्या आंत घर नसावें, हा या व्यवस्थेंतील अन्याय झांकून तिचें कौतुक करणें बरें नव्हे.

या वतनाची ओढ किती विलक्षण, हें पाथरीच्या प्रकरणावरून कळतें. पेडगांवापासून पाथरी कांहीं फार दूर नाहीं. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण, तेथील वंशपरंपरागत कुळकर्णी होते, असें फेरिस्ता या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. घराणें कांहीं कारणानें विजयनगरच्या राज्यांत गेलें. तेथें एक मुलगा बहामनी फौजेच्या हातीं सांपडला, मुसलमान झाला, आणि मलिक हसन या नांवानें थोर पदास चढला. त्याच्या मुलानें, अहमदानें, १४९० सालीं स्वतंत्र राज्य स्थापिलें. इकडे पाथरी गेली वऱ्हाडच्या इमादशाहीकडे.

अहमदाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला तेव्हां पाथरीचे आप्त त्याच्याकडे येऊं लागले. दरबाराकडून इमादशहास विचारणा झाली कीं, पाथरी द्यावी व मोबदल्यांत दुसरा परगणा घ्यावा. इमादशहानें नाकारलें आणि पाथरीची तटबंदी वाढविली. १५१८ सालीं निजामशाही फौजेनें ती चढाई करून घेतली. १५२७ च्या सुमारास अल्लाउद्दीन इमादशहानें गोवळकोंड्याच्या साह्यानें परत मिळविली. बुऱ्हाणानें पुनः जिंकली, किल्ला पाडून जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण आप्तांस देऊन टाकिला. अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे होता म्हणतात. धर्म पालटला, भाषा पालटली, माथ्यावर छत्र आलें. तरी आजोळपणजोळाची नव्हे, खुद्द बापजाद्यांची कुळकर्णाची दप्तरजागा सुटेना! त्या दोन स्वाऱ्यांत काळ्या रानांतील कुणब्यांचें काय झालें, हें फेरिस्ता सांगत नाहीं.

पुढें मोंगल आले, १७२४ नंतर निजाम आला. वसूल मक्त्यानें दिला जाई. मक्तेदाराची नजर पुढच्या पिकावर नसे, चालू हप्त्यावर असे. १८५३ सालीं दिवाण झालेल्या सालारजंगानें ही पद्धत मोडीत काढली आणि १८६५ सालीं जिल्हाबंदी केली. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली. तिनें पेडगांवास स्थानक दिलें, परभणीस मोठें केलें आणि पाथरीस बाजूला ठेविलें. रेल्वेची वर्षें तींच छप्पनच्या दुष्काळाचीं.

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली. १९५४ च्या हैदराबादच्या कायद्यानें इनामेंही गेलीं. पाटील, देशमुख, कुळकर्णी हीं आतां आडनांवें उरलीं. १९९९ सालीं जिल्ह्याचा हिंगोलीकडील भाग निराळा झाला. औंढा नागनाथ आतां तिकडे मोडतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी परभणीच्या काळ्या रानांत खेळतें. आणि ज्या पाथरीकरितां दोन सुलतान झगडले, तेथें जाणाऱ्याला आगगाडींतून मानवत रोडलाच उतरून पुढें मोटारीनें जावें लागतें.