संसदेचा एक दिवस: कामकाजपत्रिका कशी वाचावी आणि आपला प्रश्न तिच्यात कसा पोहोचवावा

बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल संसदेत मतदानाने पडले नाही. त्याला वेळच मिळाला नाही.

ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपदाच्या राजीनाम्याबद्दल बाबासाहेबांनी जे निवेदन तयार केले, त्यात त्यांनी या वेळेचा हिशेब तारखांसह मांडला आहे. बिल ११ एप्रिल १९४७ रोजी मांडले गेले. ते प्रवर समितीकडे गेले ९ एप्रिल १९४८ रोजी, म्हणजे वर्षभराने. समितीचा अहवाल १२ ऑगस्ट १९४८ रोजी आला. त्यानंतर १९४९ मध्ये चर्चेला फेब्रुवारीत चार दिवस, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन आणि एकदम डिसेंबरमध्ये एक दिवस मिळाला. १९५० या संपूर्ण वर्षात एकही दिवस मिळाला नाही. १९५१ च्या फेब्रुवारीत तीन दिवस दिले गेले. सप्टेंबरमध्ये पुन्हा चर्चा सुरू झाली आणि काही कलमांनंतर बिल सोडून देण्यात आले. एवढेच नाही, तर हे निवेदनही त्यांना सभागृहात करता आले नाही. उपाध्यक्षांनी त्याची प्रत आधी मागितली. ती अट बाबासाहेबांना मान्य नव्हती. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले.

यातून आपण शिकायची गोष्ट एकच आहे. संसदेत एखाद्या प्रश्नाला विरोध करण्यासाठी त्याच्या विरोधात बोलावेच लागते असे नाही. तो दिवसाच्या कामकाजात येऊ दिला नाही, किंवा शेवटच्या क्रमांकावर ठेवला, तरी पुरते. म्हणून चळवळीतल्या तरुणांनी भाषणे ऐकण्याबरोबर कामकाजपत्रिका वाचायला शिकले पाहिजे.

कामकाजपत्रिका म्हणजे काय

संसदेच्या प्रत्येक बैठकीसाठी त्या दिवशीच्या कामांची क्रमवार यादी निघते. हिंदीत तिला 'कार्य-सूची' म्हणतात. लोकसभेची यादी लोकसभेचे महासचिव तयार करतात. नियम ३१ नुसार यादीत नसलेले काम अध्यक्षांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. सरकारी कामाचा क्रम सरकार ठरवते, आणि कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे याची शिफारस कामकाज सल्लागार समिती करते. अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील या समितीत पक्षांचे प्रतिनिधी असतात. आयत्या वेळी पुरवणी यादीही निघू शकते. कलम ३७० विषयीचा ठराव ५ ऑगस्ट २०१९ रोजी राज्यसभेत असाच पुरवणी यादीतून आला होता.

या याद्या, प्रश्न आणि उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असतात. कामकाज संसद टीव्हीवर थेट दिसते. यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नाही.

सकाळी ११: प्रश्नोत्तराचा तास

लोकसभेचा पहिला तास प्रश्नांचा. राज्यसभेत २०१४ पासून हा तास दुपारी १२ वाजता असतो.

प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते, उपप्रश्न नसतात. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. राज्यसभेत हे आकडे १५ आणि १६० आहेत. लोकसभेत एक खासदार एका दिवसासाठी जास्तीत जास्त पाच प्रश्नांची सूचना देऊ शकतो. कोणाचा प्रश्न वर येणार हे सोडतीने ठरते.

तासाभरात २० तारांकित प्रश्न क्वचितच पूर्ण होतात. उरलेल्यांची उत्तरे लेखी मानली जातात. गोंधळामुळे तास वाया गेला तरी तसेच होते. म्हणजे लेखी उत्तर मिळते, पण उपप्रश्नांपासून मंत्र्याची सुटका होते. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात महामारीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला आणि फक्त लेखी उत्तरे उरली. तेव्हा नेमके काय गमावले, हे यावरून कळेल.

प्रश्न अध्यक्षांनी नाकारू नये यासाठी त्याची मांडणी नीट हवी. प्रश्न केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा आणि १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. 'आमच्या तालुक्यात पोलीस तक्रार का घेत नाहीत?' हा प्रश्न लोकसभेत टिकत नाही, कारण पोलीस हा राज्याचा विषय आहे. तो विधानसभेत विचारायला हवा. तेच दुखणे लोकसभेत वेगळ्या रीतीने मांडता येते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय दक्षता समितीची बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, व्हायला हवी. गेल्या तीन वर्षांत कोणत्या राज्यात ती किती वेळा झाली, आणि झाली नसेल तर केंद्राने काय केले, हे विचारता येते.

शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असे सूत्र आहे. त्यामुळे राज्यनिहाय किती अर्ज मंजूर झाले, केंद्राचा वाटा कोणत्या तारखेला जमा झाला आणि किती विद्यार्थ्यांची रक्कम थकली, हा केंद्राला विचारायचा रास्त प्रश्न आहे. उत्तरात आलेला आकडा हा सरकारने संसदेत दिलेला आकडा असतो. मोर्चात, न्यायालयात आणि बातमीत तो वापरता येतो.

दुपारी १२: पटलावर ठेवलेले कागद

यानंतर मंत्री उभे राहतात आणि 'अमुक कागद पटलावर ठेवतो' असे एका वाक्यात सांगतात. टीव्ही पाहणाऱ्याला हा सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटतो. आपल्यासाठी मात्र तो सगळ्यात महत्त्वाच्या भागांपैकी आहे.

राज्यघटनेच्या कलम ३३८ नुसार राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचे अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. सोबत शिफारशींवर काय कारवाई केली आणि जी शिफारस स्वीकारली नाही ती का, याचे निवेदन द्यावे लागते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१(४) नुसार केंद्राने अंमलबजावणीचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे ठेवायचा आहे. हे कागद किती उशिराने आले, कोणते आलेच नाहीत, याची नोंद ठेवणे हे एखाद्या अभ्यास गटाला सहज जमणारे काम आहे.

अर्थसंकल्पाच्या दिवशी ठेवल्या जाणाऱ्या कागदांत अनुसूचित जातींसाठीच्या तरतुदीचे विवरणपत्र १०-अ असते. कोणत्या मंत्रालयाने कोणत्या योजनेसाठी किती रक्कम दाखवली आहे, हे त्यातून कळते. नंतर अनेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविनाच एकत्र मताला टाकल्या जातात. त्याला 'गिलोटिन' म्हणतात. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या मागणीवर सभागृहात चर्चा होईलच याची खात्री नसते, म्हणून विवरणपत्र आपणच वाचायचे.

शून्य प्रहर आणि नियम ३७७

प्रश्नोत्तरे आणि कागद झाल्यावर लोकसभेत शून्य प्रहर सुरू होतो. राज्यसभेत तो सकाळी ११ नंतर असतो. 'शून्य प्रहर' हा शब्द नियमावलीत नाही, तो प्रथेने आला. ताज्या आणि तातडीच्या घटनेवर खासदार इथे थोडक्यात बोलू शकतो. मंत्र्यावर तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन नसते. कालच्या अत्याचाराच्या घटनेकडे आज लक्ष वेधायचे असेल तर हीच जागा.

नियम ३७७ खाली खासदार आधी मंजूर झालेला छोटा मजकूर वाचतो किंवा पटलावर ठेवतो. त्याची मर्यादा २५० शब्दांची आहे. संबंधित मंत्रालयाकडून नंतर लेखी उत्तर येते. राज्यसभेत याला 'विशेष उल्लेख' म्हणतात. वसतिगृह, रेल्वे थांबा, स्मारकाचे रखडलेले काम अशा स्थानिक प्रश्नांसाठी हा मार्ग उपयोगी आहे.

जेवणानंतर: विधेयके

दुपारी २ नंतर मुख्यतः कायदे करण्याचे काम चालते. विधेयक मांडणे, विचारार्थ घेणे, कलमवार चर्चा आणि शेवटी मंजुरी, असे टप्पे असतात. यादीत विधेयकापुढे 'मांडण्यासाठी' लिहिले आहे की 'विचार आणि मंजुरीसाठी', हे नीट पाहावे. पहिल्या टप्प्यावर हरकती पाठवायला अजून वेळ असतो. दुसरा शब्द दिसला की तो वेळ जवळजवळ संपलेला असतो.

मांडलेले विधेयक स्थायी समितीकडे गेले तर समिती सहसा जाहीर निवेदन काढून लोकांकडून लेखी सूचना मागवते. सामान्य नागरिकाला कायद्याच्या मसुद्यावर थेट बोलण्याची ही मोठी संधी असते. आपल्या किती संस्था अशा वेळी सूचना पाठवतात, हे प्रत्येकाने स्वतःच्या संस्थेला विचारावे.

रस्त्यावरचा दबाव कामकाजपत्रिकेपर्यंत पोहोचतो, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मार्च २०१८ च्या निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायदा सैल झाला. २ एप्रिलला भारत बंद झाला. त्याच वर्षी दुरुस्ती विधेयक लोकसभेत ६ ऑगस्टला आणि राज्यसभेत ९ ऑगस्टला मंजूर झाले आणि कलम १८-अ कायद्यात आले. याउलट, धम्मदीक्षेनंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत स्थान देणारी दुरुस्ती संसदेत मंजूर व्हायला १९९० साल उजाडले. १९५६ पासून मोजले तर ही ३४ वर्षे होतात.

शुक्रवार: खासगी विधेयके

शुक्रवारी शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामाला राखून ठेवलेले असतात. एका शुक्रवारी विधेयके, पुढच्या शुक्रवारी ठराव. मंत्री नसलेला कोणताही खासदार विधेयक मांडू शकतो. मात्र स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली आणि त्यातले शेवटचे १९७० मधले.

मग ती व्यर्थ आहेत का? नाहीत. तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे खासगी विधेयक राज्यसभेने २४ एप्रिल २०१५ रोजी मंजूर केले. लोकसभेत ते पार पडले नाही, पण विषय सरकारला टाळता आला नाही आणि २०१९ मध्ये सरकारी कायदा आला. तो कायदा त्या समाजाला अपुरा वाटला, ही वेगळी लढाई आहे.

बोधगयेबद्दल इथे एक स्पष्टता हवी. महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापनाचा १९४९ चा कायदा बिहार विधिमंडळाचा आहे. म्हणून पहिली मागणी तिकडेच जाते. परंतु धार्मिक संस्था आणि धार्मिक दानधर्म हा विषय समवर्ती सूचीत, नोंद २८ मध्ये आहे. त्यामुळे संसदेलाही त्यावर कायदा करता येतो. आंदोलनातल्या कार्यकर्त्याला हे दोन्ही पत्ते माहीत असावेत.

तारखा सांभाळा

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलांनी थकलेल्या शिष्यवृत्तीचे निवेदन खासदारांच्या कार्यालयात दिले. फोटो काढले, समाजमाध्यमांवर टाकले. अधिवेशन संपायला तेव्हा चार दिवस उरले होते. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे त्या निवेदनाचे पुढे काही होणे शक्यच नव्हते. चूक आमची होती. तेव्हापासून आम्ही क्रम बदलला.

अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की कोणत्या दिवशी कोणत्या मंत्रालयाची उत्तरे आहेत, याचा तक्ता पाहायचा. लोकसभेत मंत्रालयांचे पाच गट करून प्रत्येकाला आठवड्याचा एक वार दिलेला असतो. त्या दिवसाच्या किमान तीन आठवडे आधी खासदारांकडे जायचे. निवेदनासोबत तयार प्रश्न न्यायचा: मंत्रालयाचे नाव, अ-ब-क असे तीन-चार उपभाग, १५० शब्दांच्या आत. आपल्याच मतदारसंघाच्या खासदाराकडे जावे असे बंधन नाही; राज्यसभेचे सदस्यही प्रश्न विचारतात. प्रश्न यादीत आला का ते पाहायचे, उत्तर उतरवून घ्यायचे आणि ते गावातल्या वास्तवाशी ताडून पाहायचे. उत्तर चुकीचे निघाले तर पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तयार झाला.

विधानसभेच्या कामकाजाचीही पद्धत बरीचशी अशीच आहे. तिथे तारांकित प्रश्नांबरोबर लक्षवेधी सूचना हे प्रभावी साधन आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक वसतिगृहात दोघांनी तरी हे काम अंगावर घेतले, तर अधिवेशनाच्या काळात रोज सकाळी अर्धा तास पुरतो. बाबासाहेबांनी सभागृहातला एकेक दिवस मोजून ठेवला होता. तो हिशेब पुढे चालू ठेवणे आपल्या हातात आहे.