स्वयंरोजगारी व्यावसायिक : अर्थव्यवस्थेतील स्थान आणि कायद्यातील दर्जा

नवी दिल्ली : स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर, सनद घेऊन वकिली करणारा विधिज्ञ, सनदी लेखापाल, वास्तुविशारद, अनुवादक, छायाचित्रकार, संगणक सल्लागार या सर्वांना व्यवहारात ‘व्यावसायिक’ म्हटले जाते. भारतीय कायद्यात मात्र त्यांच्यासाठी एकच व्याख्या किंवा एकच कायदा नाही. आयकर कायदा त्यांना एका नजरेने पाहतो, कामगार कायदे दुसऱ्या आणि ग्राहक कायदा तिसऱ्या. त्यामुळे कर किती भरावा, थकलेले मानधन कसे वसूल करावे, आजारपणात किंवा म्हातारपणी आधार कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या कायद्यांत शोधावी लागतात. त्या तरतुदींचा हा आढावा.

आकडे काय सांगतात

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये देशातील एकूण रोजगारात स्वयंरोजगाराचा वाटा ५२.२ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ५८.४ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी नियमित पगारदारांचे प्रमाण २१.७ टक्के, तर रोजंदारीवरील मजुरांचे १९.८ टक्के होते.

या आकड्याचा अर्थ जपून लावावा लागतो. स्वयंरोजगारात शेतकरी, किराणा दुकानदार, फेरीवाले आणि घरच्या व्यवसायात विनावेतन हातभार लावणारे कुटुंबीयही मोजले जातात. उच्च शिक्षण किंवा विशेष कौशल्य यांच्या बळावर सेवा देणारे व्यावसायिक हा त्यातील लहान भाग आहे. संख्या लहान असली तरी त्यांच्यावर अवलंबून असलेले व्यवहार मोठे आहेत. लहान उद्योगाचे हिशेब, घराचा आराखडा, न्यायालयातील दावा, गावातील पहिला औषधोपचार ही कामे बहुतांशी पगारी नोकर करत नाहीत. ती स्वतंत्र व्यावसायिकच करतात. शिवाय हाताखालचे सहायक, लिपिक, परिचारिका, प्रशिक्षणार्थी यांना रोजगार देणारा मालकही अनेकदा हाच वर्ग असतो.

ऑनलाइन मंचांमुळे या वर्गाची सीमा विस्तारली आहे. नीती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ मधील गिग कामगारांची संख्या ७७ लाख असल्याचा अंदाज होता. २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असेही त्यात म्हटले होते. यात घरपोच सेवा देणारे व वाहनचालक यांच्यासह कुशल कामे करणाऱ्यांचाही समावेश आहे.

हक्क घटनेचा, नियंत्रण परिषदांचे

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) अन्वये प्रत्येक नागरिकाला कोणताही पेशा आचरण्याचा किंवा व्यवसाय, व्यापार वा धंदा चालवण्याचा मूलभूत हक्क आहे. त्याच अनुच्छेदाच्या सहाव्या खंडानुसार एखाद्या पेशासाठी आवश्यक व्यावसायिक किंवा तांत्रिक पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे. वैधानिक परिषदांचा घटनात्मक आधार हाच.

वकिलांसाठी १९६१ चा अधिवक्ता कायदा, सनदी लेखापालांसाठी १९४९ चा कायदा, परिव्यय लेखापालांसाठी १९५९ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा, कंपनी सचिवांसाठी १९८० चा, तर डॉक्टरांसाठी २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा लागू आहे. नोंदणी, आचारसंहिता आणि शिस्तभंगाची कारवाई ही कामे या कायद्यांखालील संस्था करतात.

परंतु प्रत्येक कायद्याचा पल्ला वेगळा आहे. नोंदणी नसलेल्याला वकिली करता येत नाही. वास्तुविशारदांच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की १९७२ चा कायदा ‘वास्तुविशारद’ ही उपाधी राखून ठेवतो, आराखडे तयार करण्याचे काम नव्हे. अभियंत्यांसाठी देशपातळीवर सक्तीच्या नोंदणीची परिषद नाही. अनुवादक, पत्रकार, चित्रकार, संगणक सल्लागार यांचा पेशा पूर्णतः खुला आहे. त्यांच्यावर परवान्याचे बंधन नाही, तसेच त्यांच्या बाजूने बोलणारी वैधानिक संस्थाही नाही.

परिषदांनाही मर्यादा आहेत. राज्य वकील परिषदांनी कायद्यात नमूद रकमेपेक्षा अधिक नोंदणी शुल्क आकारणे बेकायदा असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. अवाजवी शुल्कामुळे दुर्बल घटकांतील पदवीधरांच्या पेशा आचरण्याच्या हक्कावर गदा येते, ही त्यामागील भूमिका होती. एका राज्यात सनद घेतलेल्या वकिलाला देशभर काम करण्याचा हक्क देणारे अधिवक्ता कायद्याचे कलम ३० हे १५ जून २०११ पासून अमलात आहे. महाराष्ट्रात सनद घेऊन इंदूर, हैदराबाद किंवा दिल्लीत वकिली करणाऱ्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

नोकर की स्वतंत्र?

एखादी व्यक्ती नोकर आहे की स्वतंत्र व्यावसायिक, हे करारावरील शीर्षकावरून ठरत नाही. न्यायालये ‘नोकरीचा करार’ आणि ‘सेवा पुरवण्याचा करार’ यांत भेद करतात. काम काय करायचे याबरोबरच ते कसे करायचे, यावर नियंत्रण कोणाचे, साधने कोणाची, तोटा कोण सोसतो, अन्यत्र काम घेण्याची मुभा आहे का, असे निकष त्यासाठी तपासले जातात.

सौराष्ट्रातील मिठागरांवर काम करणाऱ्या अगरियांच्या प्रकरणात (ध्रांगध्रा केमिकल वर्क्स) सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकात त्यांना कामगार ठरवले. उत्पादनानुसार मोबदला आणि सोबत माणसे आणण्याची मुभा असूनही ते स्वतः राबत होते आणि कंपनीच्या देखरेखीखाली होते, हा मुद्दा निर्णायक ठरला. सत्तरच्या दशकातील सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस प्रकरणात नगावर मजुरी घेणाऱ्या शिंप्यांनाही कर्मचारी मानण्यात आले.

हा भेद आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. ‘सल्लागार’ म्हणून करार करायचा, पण हजेरी, रजा आणि वेळापत्रक पगारी नोकराप्रमाणे लावायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी दिसते. अशा व्यक्तीला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी किंवा प्रसूती रजा मिळत नाही. मात्र प्रत्यक्ष परिस्थिती नोकरीचीच असल्यास ती न्यायालयात सिद्ध करण्याचा मार्ग तिला खुला असतो. वकिलांच्या बाबतीत तर पूर्णवेळ पगारी नोकरी पत्करल्यास वकिली थांबवण्याचे बंधन वकील परिषदेच्या नियमांतच आहे.

करांचे गणित

आयकराच्या दृष्टीने व्यावसायिकाचे उत्पन्न ‘पगार’ या शीर्षाखाली येत नाही. ते ‘धंदा किंवा पेशा यांचा नफा’ या शीर्षाखाली मोजले जाते. त्यामुळे कार्यालयाचे भाडे, साधनांची घट, सहायकाचा पगार असे प्रत्यक्ष खर्च वजा करता येतात. पगारदारांना मिळणारी प्रमाणित वजावट मात्र मिळत नाही.

विधी, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखा, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि अधिसूचित अन्य पेशांसाठी १९६१ च्या कायद्यात २०१६ साली कलम ४४एडीए जोडण्यात आले. त्यानुसार एकूण प्राप्तीच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवल्यास सविस्तर हिशेबवह्या ठेवण्याची गरज उरत नाही. ही सवलत वार्षिक ५० लाख रुपयांपर्यंतच्या प्राप्तीला आहे. रोखीने मिळालेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल, तर मर्यादा ७५ लाख रुपये आहे. हा पर्याय निवडणाऱ्यांना संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांसाठी असून त्यातील कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. जुन्या क्रमांकांवरून नियम शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

व्यावसायिक शुल्क देणारी संस्था साधारणतः १० टक्के रक्कम मूळस्रोतातच कापून घेते. तांत्रिक सेवांसाठी हा दर २ टक्के आहे. एप्रिल २०२५ पासून या कपातीची वार्षिक किमान मर्यादा ३० हजारांवरून ५० हजार रुपये झाली. कापलेली रक्कम हा अंतिम कर नव्हे. विवरणपत्र भरल्यावर जादा रक्कम परत मिळते.

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी घ्यावी लागते. काही विशेष दर्जाच्या राज्यांत ही मर्यादा १० लाख रुपये आहे. बहुतेक व्यावसायिक सेवांवर १८ टक्के कर आहे. डॉक्टरांच्या आरोग्यसेवेला सूट आहे, तर वकिलाने व्यापारी संस्थेला दिलेल्या सेवेवरील कर ती संस्थाच भरते. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यातीच्या अटी पूर्ण करत असल्यास तिच्यावर शून्य दर लागतो.

याखेरीज राज्यांचा व्यवसाय कर आहे. घटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार तो वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक असू शकत नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याखाली तो वसूल होतो, दिल्लीत असा कर नाही. त्यामुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व्यवसाय हलवताना ही बाब तपासावी लागते.

थकलेले मानधन आणि कामाची मालकी

स्वतंत्र व्यावसायिकाची सर्वांत मोठी अडचण म्हणजे वेळेवर न मिळणारे पैसे. यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा उपयोगी पडतो, ही बाब अनेकांना माहीत नसते. हा कायदा कारखान्यांपुरता नाही. सेवा देणारा एकटा व्यावसायिकही ‘उद्यम’ संकेतस्थळावर नोंदणी करू शकतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करारानुसार, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. तसा करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते आणि राज्य सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. ही नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वीच केलेली असणे सुरक्षित ठरते. आयकर कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार अशी मुदतबाह्य थकबाकी प्रत्यक्ष अदा होईपर्यंत ती खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे पैसे थकवणाऱ्यावर आणखी एक दाब आला आहे.

दिवाणी दावा लावायचा असल्यास कामाच्या मोबदल्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. तोंडी करारही कायद्याने वैध असतो. परंतु तो सिद्ध करणे अवघड असल्याने ईमेल, संदेश आणि बिलांच्या प्रती जपून ठेवणे हिताचे.

लेखक, अनुवादक, संगणक प्रणालीकार यांच्यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा निर्णायक आहे. नोकरीत केलेल्या कामाचा प्रथम मालक सामान्यतः मालक संस्था असते. स्वतंत्रपणे केलेल्या कामाचा प्रथम मालक निर्मात्यालाच मानले जाते. मोबदला देऊन काढून घेतलेली छायाचित्रे, चित्रे आणि चित्रपट हे त्याला अपवाद आहेत. तेथे वेगळा करार नसल्यास काम सांगणारा मालक ठरतो. हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. त्यात कालावधी नमूद नसेल, तर ते पाच वर्षांसाठी, आणि प्रदेश नमूद नसेल, तर भारतापुरते मानले जाते.

ग्राहकाशी नाते

डॉक्टरांच्या सशुल्क सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता प्रकरणात दिला. वकिलांबाबत मात्र १४ मे २०२४ रोजी न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. वकिलाच्या कामावर अशिलाचे नियंत्रण असते, म्हणून तो व्यक्तिगत सेवेचा करार ठरतो आणि ग्राहक मंचाकडे तक्रार करता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. अशिलाला वकील परिषद व दिवाणी न्यायालय हे मार्ग खुले राहतात. त्या पीठाने १९९५ च्या निकालाच्या फेरविचाराची गरजही व्यक्त केली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने त्याची आवश्यकता नसल्याचे सांगितले.

व्यावसायिक स्वतः ग्राहकही असतो. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’ने घेतलेली मानली जात नाही. त्यामुळे सदोष कॅमेरा किंवा संगणकाबद्दल तो ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो.

सामाजिक सुरक्षेतील पोकळी

नोकरदारासाठी भविष्य निर्वाह निधी आणि ठराविक वेतनापर्यंत राज्य विमा योजना आहे. असंघटित कामगारासाठी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन आणि अटल पेन्शन योजना आहेत. स्वयंरोजगारी व्यावसायिक अनेकदा या दोहोंच्या मध्ये अडकतो. पहिल्या गटासाठी तो नोकर नाही. तो आयकर भरत असल्यास श्रमयोगी मानधन त्याला खुले नाही, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून अटल पेन्शन योजनेचे दारही आयकरदात्यांना बंद झाले आहे. २६ आठवड्यांची सशुल्क प्रसूती रजाही नोकरदार महिलांपुरतीच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग आणि मंचाधारित कामगारांची व्याख्या आहे. मंच चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तरतूद आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा आहे. संहितेच्या सातव्या अनुसूचीत व्यावसायिक सेवा पुरवणाऱ्या मंचांचाही उल्लेख आहे. मंचाविना थेट काम करणाऱ्यांना या अंशदानाचा लाभ नाही.

त्यांच्यासाठी उरतात ते ऐच्छिक पर्याय : १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली असलेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि खासगी आरोग्य विमा. वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. सत्तरी ओलांडलेल्या सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्याआधीच्या वयात आजारपण किंवा कामाचा खंड आल्यास या वर्गाचा भार त्याच्या स्वतःच्या बचतीवरच पडतो.

करवसुलीच्या बाबतीत कायद्याने स्वयंरोजगारी व्यावसायिकाला नेमके ओळखले आहे. सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत ती ओळख अद्याप अपुरी आहे. तोवर लेखी करार, वेळेवर नोंदणी आणि जपलेली कागदपत्रे हेच त्याच्या हाती असलेले व्यवहार्य उपाय होत.