सौम्य गुंगी, दंतोपचारातील

दंतोपचारातील सौम्य गुंगी : दातांच्या उपचाराची धास्ती घेतलेल्या रुग्णाला वायू किंवा औषध देऊन, त्याची शुद्ध कायम ठेवून, शांत करण्याची पद्धत. ग्रंथात हिला शामकोपचार म्हणतात. दवाखान्यात 'सेडेशन' हाच शब्द चालतो. रुग्ण जागा असतो. विचारले तर उत्तर देतो, 'आ करा' म्हटले की तोंड उघडतो, गिळतो, खोकतो. खुर्चीचे हात घट्ट आवळून बसणे तेवढे सुटते. पूर्ण भूल म्हणजे शुद्धिहरण ही वेगळी गोष्ट, आणि हिरडीत सुई देऊन केलेले बधिरीकरण आणखी वेगळे. बोलीत मात्र तिन्हींना 'भूल' हा एकच शब्द आहे आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. सौम्य गुंगी भीतीवर दिली जाते, दुखण्यावर नाही. गुंगी दिली तरी दाढ काढायला जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची सुई लागतेच; ती सुई घेणे सोपे होते, इतकेच.

उदाहरणार्थ, बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी वसलेले मेहकर हे तालुक्याचे गाव घ्या. अशा गावच्या आणि भोवतालच्या खेड्यांतल्या रुग्णाची भीती नुसती मनाचा कमकुवतपणा म्हणून सोडून देता येत नाही. तिला एक वाट आहे. दाढ ठणकू लागली की आधी लवंग दाबायची, मग मशेरी. जुनी माणसे रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धुरी घेत आणि 'किडे पडले' म्हणत. हल्ली मेडिकलमधून गोळी येते आणि आठवडा निघून जातो. गाल सुजला, रात्रभर झोप नाही, मग खुर्ची. पण तोवर दाढेच्या मुळाशी पू झालेला असतो. पू आणि सूज असलेल्या जागी ऊती आम्लधर्मी होतात, आणि लिग्नोकेनसारखे औषध तिथे मज्जातंतूत नीट शिरत नाही. सुई देऊनही जागा पुरती बधिर होत नाही, रुग्ण कळवळतो, आणि संध्याकाळपर्यंत पारावर बातमी असते की सुई देऊनही जीव गेला. पुढचा माणूस आणखी उशिरा येतो. भीतीमुळे उशीर, उशिरामुळे पू, पुवामुळे अर्धवट बधिरता आणि त्यातून पुन्हा भीती, असे हे रहाटगाडगे आहे. सौम्य गुंगीचा खरा उपयोग ते कुठेतरी अडवण्यासाठी आहे.

वरची दाढ काढली की 'डोये जातात' हा वऱ्हाडातला पक्का समज याच भीतीचा भाऊ. वरच्या दातांची संवेदना पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या दुसऱ्या शाखेतून जाते, दृष्टी दुसऱ्या मस्तिष्क तंत्रिकेतून. दोन्ही वाटा वेगळ्या. दाढ काढण्याच्या वयातच चाळिशीचा चष्मा लागतो, हे समजाचे मूळ असावे.

पूर्वेतिहास : शस्त्रकर्मापूर्वी वेदना सहन न होणाऱ्याला तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. त्याच ग्रंथात मुखरोगांचे शस्त्रकर्म मात्र रिकाम्या पोटी करावे असेही आहे, आणि गुंगीच्या औषधाआधी उपाशी राहण्याचा आजचा नियम त्याच्या फार लांब नाही. शार्ङ्गधरसंहितेत भांग आणि अफू यांची गणना 'व्यवायी' द्रव्यांत केली आहे : आधी सर्व शरीर व्यापायचे आणि नंतर पचायचे, हे त्यांचे लक्षण. गुंगी आणणाऱ्या औषधाचे याहून नेमके वर्णन थोडक्यात करणे अवघड. (मेहकरचे ग्रामदैवत शारंगधर बालाजी, ग्रंथकर्त्याशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही.)

आधुनिक भूलशास्त्राचा जन्मच दाढदुखीतून झाला. नायट्रस ऑक्साइड हा वायू जोसेफ प्रीस्टलीने १७७२ मध्ये तयार केला आणि हंफ्री डेव्हीने त्याला हास्यवायू हे नाव मिळवून दिले. पुढची चार दशके तो जत्रेतली करमणूक होता. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे कोल्टन नावाच्या खेळवाल्याच्या कार्यक्रमात वायू घेतलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली आणि त्याला ते कळलेही नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा दंतवैद्य होता. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, त्याने स्वतः वायू हुंगला आणि सहकारी रिग्ज याच्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. प्रयोग आधी स्वतःवर करणारा हा दंतवैद्य आदराला पात्र आहे. पण जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनच्या जाहीर प्रयोगात रुग्ण ओरडला, हुर्यो झाली आणि वेल्स खचला. कारण आज समजते : हा वायू दुबळा आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली त्याने एकट्याने पूर्ण भूल येत नाही. वेल्सच्या दृष्टीने तो दोष होता, सौम्य गुंगीच्या दृष्टीने तोच गुण ठरला. १८४६ मध्ये वेल्सचाच जुना भागीदार मॉर्टन याने ईथर वापरून शस्त्रक्रियेची भूल सिद्ध केली. हास्यवायू पुढे दाताच्या दवाखान्यात रुजला.

पद्धती : वायूची पद्धत सर्वांत जुनी आणि सर्वांत आटोपशीर. निळ्या सिलिंडरमध्ये नायट्रस ऑक्साइड, पांढऱ्या खांद्याच्या काळ्या सिलिंडरमध्ये प्राणवायू. दोन्ही यंत्रात मिसळून नाकावरच्या मऊ टोपीतून दिले जातात. आधी नुसता प्राणवायू, मग हास्यवायूचे प्रमाण थोडे थोडे वाढवत नेतात. बहुतेकांना ३० ते ५० टक्के पुरते. दोन-तीन मिनिटांत हातापायांना मुंग्या येतात, अंग हलके वाटते, डॉक्टरांचा आवाज जरा लांबून येतो. खोखो हसू क्वचितच येते. चांगल्या यंत्रात प्राणवायू ३० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही अशी सोय असते. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. हा वायू रक्तात फारसा विरघळत नाही, म्हणून जितक्या लवकर चढतो तितक्या लवकर उतरतो. काम संपल्यावर सुमारे पाच मिनिटे नुसता प्राणवायू दिला की रुग्ण बहुधा पूर्ववत होतो. वेदना कमी करण्याचा थोडा गुण या वायूत आहे, पण सुई टाळण्याइतका नाही.

दुसरी पद्धत पोटातून घेण्याच्या औषधाची. मोठ्यांना डायझेपामसारखी गोळी, मुलांना वजनाप्रमाणे मिडाझोलामचे गोड द्रव. हे स्वस्त आणि बिनयंत्राचे, पण लगाम ढिला. पोटात गेलेली मात्रा किती चढेल हे माणसागणिक बदलते, आणि चढल्यावर मागे घेता येत नाही. डायझेपाम, मिडाझोलाम ही औषधे औषध नियमांच्या 'एच-१' अनुसूचीत आहेत : ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि औषधविक्रेत्याला वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. तेव्हा शेजाऱ्याच्या डब्यातली झोपेची गोळी खाऊन दवाखान्यात येणे हा शामकोपचार नव्हे. शिरेतून मिडाझोलाम देणे ही तिसरी पद्धत. ती सौम्यच्या पुढे मध्यम गुंगीकडे सहज सरकते, म्हणून भूलतज्ज्ञ आणि उलट परिणाम करणारे फ्लुमाझेनिल हाताशी हवे.

या सगळ्यांच्या आधी, आणि पुष्कळदा यांच्याऐवजी, बोलणे. मुलांसाठी 'सांगा, दाखवा, मग करा' ही जुनी रीत आहे : आरसा हातात द्यायचा, पाण्याची फवारणी तळहातावर मारून दाखवायची. हात वर केला की थांबायचे, हा करार मोठ्यांनाही धीर देतो. भीती किती, हे मोजण्यासाठी नॉर्मन कोरा याने १९६९ मध्ये चार प्रश्नांची मोजपट्टी केली. पुढे तिच्यात सुईविषयीचा पाचवा प्रश्न घातला गेला. आता पाच ते पंचवीस गुणांत १९ किंवा अधिक आले तर भीती तीव्र समजतात. मराठीत हे प्रश्न तोंडी विचारायला दोन मिनिटे लागतात. बहुतेक दवाखान्यांत ती दोन मिनिटे कोणी देत नाही.

सावधगिरी : नाक चोंदलेले असेल तर वायू निरुपयोगी. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, जुना गंभीर फुप्फुसविकार, नुकतीच कानाची किंवा डोळ्यात वायू भरलेली शस्त्रक्रिया, यांत तो टाळतात. हास्यवायू शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. धडधाकट माणसाला एका वेळच्या उपचाराने त्याचे काही होत नाही, पण माळकरी घरात वर्षानुवर्षे मांस-अंडे न खाणाऱ्या, हातापायांना मुंग्या येणाऱ्या वडीलधाऱ्यांबाबत हा प्रश्न आधी विचारायला हवा. विदर्भात आढळणारा सिकलसेल आजार असेल तर तेही आधी सांगावे, कारण गुंगीत प्राणवायू कमी पडणे त्या रुग्णाला महागात जाते. तिसरा स्थानिक प्रश्न तंबाखू-सुपारीचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तोंडे मात्र बंद होतच आहेत. सुपारीने गालाच्या आतली त्वचा आक्रसते आणि तोंड दोन बोटांइतकेही उघडत नाही. अशा रुग्णाचा श्वास गुंगीत अडला तर नळी घालणेच कठीण, त्यामुळे त्याचे काम सोयींनी युक्त रुग्णालयातच व्हावे. आणि धीर यावा म्हणून दोन घोट मारून येणाऱ्याला त्या दिवशी परत पाठवणे योग्य. सुश्रुताच्या मद्यासोबत मिडाझोलाम नव्हते.

गोळी किंवा शिरेतले औषध असेल तर सहा तास खाणे आणि दोन तास पाणी बंद. उपचार चालू असताना बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असावा. कोविडनंतर ते यंत्र घरोघरी ओळखीचे झाले आहे. दात काढणाऱ्याखेरीज फक्त श्वासाकडे पाहणारे दुसरे माणूस खोलीत हवे. ते नसेल तर यंत्र कितीही नवे असले तरी गुंगी देऊ नये.

सोय : शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते आणि तीत दातही पाहिले जातात. भीती तीव्र असेल किंवा मूल अगदी लहान असेल, तर बालदंतवैद्यक आणि मुखशल्यचिकित्सा हे विभाग असलेल्या दंत महाविद्यालयाचा रस्ता धरावा. मेहकरला छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालये दोन दिशांना पडतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे वेल्सने दाढ काढून घेतली त्याच तारखेला, खुला झाला. मेहकरजवळून त्यावर चढता येते. त्या रस्त्यावर दुचाकीला मनाई आहे, हे या बाबतीत बरेच झाले. गावातल्या गावात गोळी घेऊन उपचार झाला असेल तरी रुग्णाने पुढचे २४ तास गाडी चालवू नये, शेतातली मोटर-यंत्रे हाताळू नयेत, कागदावर सही-अंगठा करू नये. येताना एक माणूस सोबत आणावा आणि मोटारसायकलची किल्ली खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्याच्याकडे द्यावी.