ताराबाई खरंच गप्प झाल्या का?

ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं १८८२ मध्ये. प्रती ५००, किंमत ९ आणे. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरचा बालहत्येचा खटला आणि त्यावरून वृत्तपत्रांनी समस्त बायकांवर घेतलेलं तोंडसुख. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. हेसुद्धा स. गं. मालश्यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापलं, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी!

'टीकेमुळे त्या गप्प झाल्या' असं आपण सहज लिहून टाकतो (मीही पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं). पण पुरावा? न लिहिणं वेगळं, लिहिलेलं न सापडणं वेगळं. तुम्ही आधी वृत्तपत्रांच्या जुन्या फायली काढा, टीका कोणी, कधी केली ते तारखेनिशी उतरवा. मग ते वाक्य ठेवायचं की खोडायचं, ते बघा.