कापसाच्या भावात मुंबई

चर्चगेट स्टेशन शोधू नका, ते अजून व्हायचं आहे. आणि ज्या दरवाजावरून त्याला नाव मिळणार, तो नुकताच पाडलाय. साल १८६४. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी कोट जमीनदोस्त करायला काढलाय. दगडमातीच्या या धुरळ्यात फ्लोरा फाउंटन तेवढं नवंकोरं दिसतंय. नाकाला रुमाल लावा आणि शिग्राम करून टाउन हॉलकडे चला.

समोरच्या वडाखाली भरणारा दलालांचा बाजार आता रस्त्यांवर सांडलाय. पागोटी, पगड्या, फेटे, साहेबांच्या टोप्या, सगळे एकाच वेळी ओरडताहेत. कारण सात समुद्रांपलीकडे आहे. अमेरिकेत १८६१पासून यादवी चाललीय, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आहेत आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठी हवालदिल झाल्या आहेत. त्यामुळे वऱ्हाड-खानदेशाच्या, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आलाय. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला म्हणतात. मला यात अतिशयोक्ती वाटते, पण या गर्दीत उभं राहिल्यावर अशक्य काहीच वाटत नाही.

कापसाचा पैसा आता समुद्रात भर घालायला निघालाय. बॅकबे रेक्लमेशनचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या घरात! जमीन अजून पाण्याखाली, पण तिच्यावर लोक श्रीमंत झालेसुद्धा. बड्या दलालाची, प्रेमचंद रायचंद यांची, नुसती चिठ्ठी दाखवली की बँक ऑफ बॉम्बे कर्ज देते. तुमचाही हात खिशाकडे जातोय ना? आवरा. त्यापेक्षा गेल्याच वर्षी छापलेलं गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ घ्या. दीडशे वर्षांनीही त्याला गिऱ्हाईक असेल.

आता थेट १ जुलै १८६५. वायदे पुरे करायचा दिवस. एप्रिलमध्येच दक्षिणेचा जनरल ली शरण आला, युद्ध संपत आलं, कापसाचा भाव कोसळला. आज पैसे मोजायचे आहेत आणि मोजणारा कोणीच नाही. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांना गेला होता, तो पुढे ८७ला विकावा लागणार आहे. काल पेढीवर लोडाला टेकून बसलेले शेठ आज तोंड चुकवून निघालेत.

प्रेमचंदही बुडाले. पण विद्यापीठाचं ग्रंथालय आणि घड्याळाचा मनोरा यांसाठी त्यांनी देऊ केलेला पैसा तेजीतच त्यांच्या हातून सुटला होता. १८७८मध्ये या. मनोरा पुरा झालाय. नाव त्यांच्या आईचं, राजाबाईंचं. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा, ते कधी मुंबईला आलेच नाहीत. शेजारी हायकोर्ट आणि सेक्रेटरिएट, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, कारण मैदान संपलं की पुढे समुद्रच. मरीन ड्राइव्हवर फिरायला जायचं म्हणत असाल, तर आणखी साठेक वर्षं थांबावं लागेल.