ब्रुकलिन नेट्स–बोस्टन सेल्टिक्स खेळाडू अदलाबदल (२०१३)

ब्रुकलिन नेट्स–बोस्टन सेल्टिक्स खेळाडू अदलाबदल हा अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील दोन संघांमध्ये २०१३ च्या उन्हाळ्यात झालेला करार होय. २७ जून २०१३ रोजी, नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या म्हणजेच ड्राफ्टच्या रात्री, त्यावर सहमती झाली आणि १२ जुलै रोजी तो अधिकृतपणे अमलात आला. या करारान्वये नेट्सला पॉल पिअर्स व केव्हिन गार्नेट हे दोन नामवंत पण उतारवयातील खेळाडू मिळाले, तर सेल्टिक्सला नेट्सच्या वाट्याचे पुढील पाच वर्षांतील पहिल्या फेरीचे बहुतेक निवड-हक्क मिळाले. हंगामांमधील विश्रांतीच्या काळात, तत्काळ यशाच्या आशेने संघाचे भवितव्य गहाण टाकल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणून या कराराचा उल्लेख वारंवार केला जातो.

पार्श्वभूमी

रशियन उद्योगपती मिखाईल प्रोखोरोव्ह यांनी २०१० मध्ये न्यू जर्सी नेट्स संघाची बहुसंख्य मालकी विकत घेतली आणि पाच वर्षांत विजेतेपद मिळवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०१२ मध्ये संघ न्यू जर्सी सोडून न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील बार्कलेज सेंटर या नव्या क्रीडागृहात आला. याच शहरात न्यूयॉर्क निक्स हा जुना व लोकप्रिय संघ असल्यामुळे नव्या प्रेक्षकांसमोर नामांकित खेळाडू उभे करण्याची निकड नेट्सच्या व्यवस्थापनाला भासत होती. पुढील अनेक निर्णयांमागे ही घाई होती.

महाव्यवस्थापक बिली किंग यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये युटा जॅझकडून डेरॉन विल्यम्स याला मिळवले होते. तो संघात टिकावा म्हणून २०१२ मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे ९ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला. त्याच उन्हाळ्यात अटलांटा हॉक्सकडून जो जॉन्सन आला. त्याच्या जुन्या कराराची चार वर्षे शिल्लक होती व त्यांपोटी ९ कोटी डॉलरच्या जवळपास रक्कम देणे होते. ब्रूक लोपेझ याला चार वर्षांसाठी सुमारे ६ कोटी आणि जेराल्ड वॉलेस याला चार वर्षांसाठी ४ कोटी डॉलर मान्य झाले. वॉलेसची कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. मार्च २०१२ मध्ये त्याला पोर्टलंडकडून आणताना नेट्सने जो निवड-हक्क दिला, तो सहाव्या क्रमांकाचा ठरला आणि पोर्टलंडने त्यातून डेमियन लिलार्ड याला निवडले. लिलार्ड पुढे त्या संघाचा आधारस्तंभ झाला. हा धडा ताजा असतानाच २०१३ चा करार झाला, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.

ब्रुकलिनमधील पहिल्या हंगामात (२०१२–१३) नेट्सने ४९ सामने जिंकले, पण प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत शिकागो बुल्सकडून सातव्या सामन्यात घरच्या मैदानावर त्यांचा पराभव झाला.

दुसरीकडे, बोस्टन सेल्टिक्सने २००८ मध्ये पिअर्स, गार्नेट व रे ॲलन या त्रयीच्या बळावर विजेतेपद मिळवले होते. २०१२ मध्ये ॲलन मायामीला गेला आणि २०१३ च्या जूनमध्ये प्रशिक्षक डॉक रिव्हर्स लॉस एंजेलस क्लिपर्सकडे गेले. हा संघ आता उतरणीला लागला आहे, हे सेल्टिक्सचे बास्केटबॉल प्रमुख डॅनी एंज यांनी ओळखले होते. स्वतः सेल्टिक्सचे माजी खेळाडू असलेल्या एंज यांनी जुन्या नायकांबद्दलचा जिव्हाळा बाजूला ठेवला. पिअर्स १९९८ पासून सलग पंधरा हंगाम बोस्टनकडून खेळला होता, त्यामुळे हा निर्णय तेथील प्रेक्षकांना जिव्हारी लागणारा होता.

करारातील देवघेव

सेल्टिक्सने पिअर्स, गार्नेट, जेसन टेरी व डी. जे. व्हाइट हे खेळाडू दिले. त्या वेळी गार्नेटने वयाची ३७ वर्षे पूर्ण केली होती आणि पिअर्स ३६ व्या वर्षाकडे झुकला होता. आपल्या संमतीविना अदलाबदल करता येणार नाही, असे कलम गार्नेटच्या करारात होते. ते त्याने सोडून दिले. बदल्यात नेट्सने जेराल्ड वॉलेस, क्रिस हम्फ्रीझ, मार्शॉन ब्रुक्स, क्रिस जोसेफ व कीथ बोगन्स हे पाच खेळाडू, तसेच २०१४, २०१६ व २०१८ या वर्षांचे पहिल्या फेरीचे निवड-हक्क दिले. शिवाय २०१७ मध्ये दोन्ही संघांच्या निवड-क्रमांकांपैकी अधिक चांगला क्रमांक स्वतःकडे घेण्याची मुभा सेल्टिक्सला मिळाली.

एक-एक वर्ष सोडून हक्क देण्याची ही रचना योगायोगाने झालेली नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलंड कॅव्हेलिअर्सचे मालक टेड स्टेपियन यांनी भावी निवड-हक्क भराभर देऊन टाकल्यामुळे तो संघ डबघाईला आला होता. त्यानंतर, कोणत्याही संघाने सलग दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीच्या निवडीविना राहू नये, असा नियम करण्यात आला. तो ‘स्टेपियन नियम’ म्हणून ओळखला जातो. नेट्सने या नियमाच्या शब्दांचे पालन केले. २०१७ मध्ये त्यांच्या हाती निवड राहणार होती, पण ती सेल्टिक्सच्या मर्जीनुसार उरलेली. २०१५ च्या क्रमांकाबाबतही अशीच मुभा जो जॉन्सनच्या व्यवहारात अटलांटाला आधीच देण्यात आली होती. अशा रीतीने पाच वर्षांत स्वतःच्या अपयशाचा लाभ घेण्याची एकही वाट नेट्सने मोकळी ठेवली नाही.

एनबीएच्या ड्राफ्टमध्ये दुबळ्या संघांना वरचे क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक असते. म्हणून सावध संघ निवड-हक्क देताना ‘तो पहिल्या तीन किंवा पहिल्या दहा क्रमांकांत आल्यास आमच्याकडेच राहील’ अशी अट घालतात. लिलार्डच्या प्रकरणात निदान पहिल्या तीन क्रमांकांपुरते असे संरक्षण होते; २०१३ मध्ये दिलेल्या हक्कांवर कोणतेही संरक्षण नव्हते. वृद्ध खेळाडू घेणे ही या व्यवहारातील मूळ चूक नव्हती. ती विनाअट हक्क देण्यात होती. संघ जितका खालावेल तितका त्याने दिलेला हक्क मोलाचा होत जातो, आणि वृद्ध खेळाडूंचा संघ खालावण्याचा संभव सर्वाधिक असतो. नेट्सने जणू एकाच संकटावर दोनदा पैज लावली होती.

वेतनमर्यादेचे गणित

एनबीएमध्ये खेळाडूंचे करार सामान्यतः हमीचे असतात. खेळाडू जखमी झाला वा त्याचा खेळ घसरला तरी ठरलेले वेतन द्यावेच लागते. संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते, मात्र ती लवचिक असते. स्वतःच्याच खेळाडूंशी नवे करार करताना व अदलाबदल करताना ती ओलांडता येते. २०१३–१४ च्या हंगामासाठी ही मर्यादा सुमारे ५ कोटी ८७ लाख डॉलर होती. एकूण वेतन सुमारे ७ कोटी १७ लाखांच्या पुढे गेल्यास संघाला लक्झरी टॅक्स हा दंडात्मक कर भरावा लागे. कराचे चढते दर नेमके याच हंगामापासून लागू झाले. पहिल्या ५० लाखांवर प्रत्येक डॉलरमागे दीड डॉलर कर होता; मर्यादेपेक्षा ३ कोटींहून अधिक असलेल्या रकमेवर तो प्रत्येक डॉलरमागे ४.७५ डॉलर इतका होता. नेट्सचे वेतन १० कोटी डॉलरच्या पुढे गेले आणि कर सुमारे ९ कोटी डॉलर झाला.

मर्यादेच्या वर असलेल्या संघाला अदलाबदलीत जाणारे व येणारे वेतन जवळपास समान राखावे लागते. हम्फ्रीझचा वर्षभरात संपणारा १ कोटी २० लाखांचा करार त्यासाठी उपयोगी पडला. तरीही रक्कम अपुरी राहिल्याने बोगन्स या राखीव खेळाडूशी पहिल्या वर्षासाठी ५० लाखांहून अधिक रकमेचा करार करून त्याला लगेच बोस्टनला पाठवण्यात आले. त्याचा समावेश केवळ गणिताचा ताळा जुळवण्यासाठी होता. वॉलेसच्या कराराची तीन वर्षे शिल्लक होती. ते ओझे पत्करणे ही सेल्टिक्सने मोजलेली किंमत होती.

ब्रुकलिनमधील परिणाम

करार झाला तेव्हा अनेक जाणकारांनी नेट्सला विजेतेपदाच्या दावेदारांत गणले होते. नुकताच निवृत्त झालेला खेळाडू जेसन किड याची प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. प्रत्यक्षात २०१३ अखेर संघाची कामगिरी १० विजय व २१ पराभव अशी होती. डिसेंबरमध्ये पायाचे हाड मोडल्याने लोपेझ उर्वरित हंगामाला मुकला. नव्या वर्षात संघ सावरला व ४४ विजयांसह प्लेऑफमध्ये पोहोचला. पहिल्या फेरीत टोरँटो रॅप्टर्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात अखेरच्या क्षणी काइल लाउरीचा फेकलेला चेंडू पिअर्सने अडवला आणि नेट्सने मालिका जिंकली. या संपूर्ण खटाटोपातून मिळालेले हे एकमेव मोठे यश. दुसऱ्या फेरीत मायामी हीटने त्यांना ४–१ असे हरवले. गार्नेटची त्या हंगामातील सरासरी सामन्यामागे ६.५ गुण इतकी होती.

त्यानंतर संघ झपाट्याने विखुरला. टेरीला हंगामाच्या मध्यावरच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, सॅक्रामेंटो किंग्जकडे पाठवण्यात आले होते. (मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०१३ मध्येच हा संघ विकत घेतला होता.) २०१४ च्या उन्हाळ्यात पिअर्स वॉशिंग्टनला आणि किड मिलवॉकीला गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये गार्नेट मिनेसोटाला परतला. विल्यम्स (२०१५) व जॉन्सन (२०१६) यांच्या करारांतील उर्वरित रकमेवर तडजोड करून त्यांना मुक्त करण्यात आले. नेट्सने २०१५–१६ मध्ये २१ आणि २०१६–१७ मध्ये केवळ २० सामने जिंकले. नंतरची कामगिरी त्या हंगामातील सर्वांत निकृष्ट होती. एखाद्या संघाला अशा हंगामानंतर किमान उत्तम नवोदित खेळाडूची आशा असते. नेट्सला तीही नव्हती.

जानेवारी २०१६ मध्ये किंग यांना महाव्यवस्थापकपदावरून दूर करण्यात आले व पुढील महिन्यात शॉन मार्क्स यांची नियुक्ती झाली. मार्क्स यांनी अवलंबलेला मार्ग संघबांधणीच्या अभ्यासकांना अधिक शिकवणारा आहे. स्वतःचे हक्क नसल्यामुळे त्यांनी इतर संघांना नकोसे झालेले करार स्वीकारले आणि त्या उपकाराच्या बदल्यात तरुण खेळाडू वा निवड-हक्क मिळवले. २०१६ मध्ये दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या नव्या करारामुळे वेतनमर्यादा ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४० लाखांवर गेली होती आणि अनेक संघांनी सामान्य खेळाडूंना अवाजवी रकमा देऊ केल्या होत्या. लॉस एंजेलस लेकर्सने टिमोफे मॉझगोव्हशी केलेला चार वर्षांचा, ६ कोटी ४० लाखांचा करार त्यांपैकीच एक. वर्षभरातच त्यातून सुटका करून घेण्यासाठी लेकर्सने डी'अँजेलो रसेल हा तरुण खेळाडूही नेट्सच्या हवाली केला. नेट्सने बदल्यात लोपेझ व २७ व्या क्रमांकाची निवड दिली. कॅरिस लेव्हर्ट व जॅरेट ॲलन हे इतर संघांकडून मिळवलेल्या खालच्या क्रमांकांतून आले. २०१८–१९ मध्ये ४२ सामने जिंकून नेट्स पुन्हा प्लेऑफमध्ये आला.

बोस्टनमधील परिणाम

सेल्टिक्सने ब्रॅड स्टीव्हन्स या महाविद्यालयीन प्रशिक्षकाला पाचारण केले. पहिल्या हंगामात संघाने अवघे २५ सामने जिंकले. नेट्सकडून मिळालेला पहिला हक्क (२०१४, १७ वा क्रमांक) जेम्स यंगवर खर्च झाला. तो एनबीएमध्ये फारसा टिकला नाही. निवड-हक्क म्हणजे हमखास खेळाडू नव्हे, हे यावरून दिसते. २०१६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेलेन ब्राउन निवडला गेला.

२०१७ मध्ये एक विलक्षण प्रसंग उद्भवला. पूर्व विभागात ५३ विजयांसह अव्वल ठरलेल्या सेल्टिक्सकडेच नेट्समुळे ड्राफ्टमधील पहिला क्रमांक आला. एंज यांनी तो फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सला देऊन तिसरा क्रमांक व आणखी एक भावी हक्क घेतला. फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झला निवडले, तर सेल्टिक्सने जेसन टेटमला. २०१८ चा हक्क ऑगस्ट २०१७ मध्ये कायरी अर्विंगसाठी क्लीव्हलंडला देण्यात आला व त्यातून आठव्या क्रमांकावर कॉलिन सेक्सटन निवडला गेला. अर्विंग दोनच हंगाम बोस्टनमध्ये राहिला आणि २०१९ मध्ये गेला तो नेमका ब्रुकलिनलाच. म्हणजे चारपैकी दोन हक्कांतून बोस्टनला कायमस्वरूपी असे काही मिळाले नाही. उरलेल्या दोघांनी मात्र संघाचे स्वरूप पालटले. २०२४ मध्ये सेल्टिक्सने डॅलस मॅव्हरिक्सचा ४–१ असा पराभव करून विक्रमी अठरावे विजेतेपद मिळवले. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ब्राउनला मिळाला. पराभूत संघात अर्विंग होता.

पुनरावृत्ती

प्रोखोरोव्ह यांच्यानंतर संघाची मालकी २०१९ मध्ये पूर्णतः जोसेफ त्साय यांच्याकडे गेली. त्याच वर्षी केव्हिन ड्युरंट व अर्विंग नेट्समध्ये आले. जानेवारी २०२१ मध्ये जेम्स हार्डनला आणण्यासाठी मार्क्स यांच्याच व्यवस्थापनाने ह्यूस्टन रॉकेट्सला २०२२, २०२४ व २०२६ चे पहिल्या फेरीचे विनासंरक्षण हक्क आणि २०२१, २०२३, २०२५ व २०२७ मध्ये क्रमांक बदलून घेण्याची मुभा दिली. आधीच्या करारासारखीच ही एक-एक वर्ष सोडून केलेली मांडणी होती. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ड्युरंट, अर्विंग व हार्डन हे तिघेही संघ सोडून गेले होते. जून २०२४ मध्ये नेट्सने इतर संघांकडून मिळालेले हक्क ह्यूस्टनला देऊन स्वतःचे २०२५ व २०२६ चे हक्क परत मिळवले.